भाडेकरूंसह इमारत विकत घेताना: एका दुमजली घराचं आणि पाच ताब्यांचं प्रकरण

पुण्याच्या जुन्या पेठेतली दुमजली इमारत. तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून दोन दुकानं, मागे बोळातून शिरायची एक खोली, वर दोन बिऱ्हाडं. मागणी ९५ लाखांची. विकणाऱ्याने वहीच्या पानावर महिन्याचं उत्पन्न लिहून दिलं होतं: टेलरचं दुकान २४०, मोबाइल दुरुस्तीचं दुकान १८,०००, वरचं पुढचं बिऱ्हाड १२,०००, वरचं मागचं बिऱ्हाड ४५०, एकूण ३०,६९० रुपये. खोलीपुढे रक्कम नव्हती. तिथे ‘घरचाच माणूस’ एवढंच लिहिलेलं.

घेणाऱ्या जोडप्याचा बेत सरळ होता. वरच्या मागच्या बिऱ्हाडात स्वतः राहायचं आणि उरलेल्या भाड्यातून कर्जाच्या हप्त्याला हातभार लावायचा. मागचंच बिऱ्हाड निवडायचं कारण विकणाऱ्याने पुरवलं होतं: ‘तो चौदा महिने थकलाय. एक नोटीस दिली की बाहेर.’ हे प्रकरण मांडताना ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि रकमा हिशेबाला सोप्या केल्या आहेत. गुंतागुंत मात्र रोज दिसते तीच आहे.

साठेखताआधी (विक्रीच्या प्राथमिक कराराआधी) काय तपासलं, हे आधी पाहू. मालकी हक्काचा शोध, मिळकत पत्रिका, बांधकामाची परवानगी ही कामं वकिलाने नेहमीप्रमाणे केली. भाडेकरूंच्या बाजूने तेवढं पुरत नाही, कारण जुन्या तोंडी भाडेकरारांचा मागमूस दुय्यम निबंधक कार्यालयात सापडत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ३ मध्ये ‘नोटीस’ची व्याख्या आहे. तिच्या दुसऱ्या स्पष्टीकरणानुसार, मिळकतीत प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या माणसाचा जो काही हक्क असेल त्याची माहिती घेणाऱ्याला होती, असंच धरलं जातं. म्हणजे ‘विकणाऱ्याने सांगितलं नाही’ हा बचाव भाडेकरूसमोर चालत नाही. दार वाजवून विचारणं हा म्हणूनच तपासणीचा गाभा आहे.

विकणाऱ्याची लेखी संमती घेऊन पाचही ठिकाणी दोन-दोन फेऱ्या झाल्या. पहिली फेरी नुसती ओळखीची. दुसऱ्या फेरीत कागद पाहायचे: पहिली आणि शेवटची भाडेपावती, करार असेल तर त्याची नोंदणी झालेली प्रत, वीजबिल कोणाच्या नावावर, दुकान असेल तर गुमास्ता परवाना कोणत्या वर्षाचा, डिपॉझिट किती आणि कसं दिलं, मालकाने तोंडी काय कबूल केलंय. विचारण्याची रीतही महत्त्वाची. ‘काका, घर विकलं जातंय, तुमचा हक्क तसाच राहणार आहे. नवीन कागदात तुमचं नाव चुकू नये म्हणून पावत्या बघायच्यात,’ असं म्हटलं तर टेलरकाका ट्रंक उघडतात. ‘तुम्ही किती वर्षं राहताय?’ असा चौकशीचा सूर लावला की दार बंद होतं आणि दुसऱ्या दिवशी वकिलाचं पत्र येतं.

त्याच्या जोडीला तीन ठिकाणी पडताळणी झाली. महापालिकेच्या करआकारणी नोंदीत भोगवटादारांची नावं असतात, तिथून जुन्या भाडेकरूंची वर्षं कळली. नोंदणी विभागाच्या ऑनलाइन शोधात मिळकतीवरचे नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी वापराची नुसती परवानगी देणारे) करार सूची क्रमांक दोनवर, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या गोषवाऱ्यात, दिसले. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर मालकाच्या आणि प्रत्येक भाडेकरूच्या नावाने दावा शोधला, कारण चालू दाव्यासह मिळकत घेणारा त्या दाव्याच्या निकालाला बांधला जाऊ शकतो.

या फेऱ्यांतून जे निघालं ते वहीच्या पानाशी फारसं जुळलं नाही.

टेलरचं दुकान १९७८ पासूनचं, पागडीचं (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेलं). पावत्या आजही वारलेल्या वडिलांच्या नावाने फाटतात, दुकान मुलगा चालवतो. वडील असतानाच तो तिथे बसत होता, हे गुमास्ता परवान्याच्या नूतनीकरणांवरून दिसतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ (अंमल ३१ मार्च २००० पासून) अशा कुटुंबीयाला भाडेकरूच मानतो. इथे काढण्याचा विचारही करू नये. भाडं किती वाढेल? कलम ११ प्रमाणे वर्षाला ४ टक्के, म्हणजे २४० रुपयांवर ९ रुपये ६० पैसे. हे दुकान घेणाऱ्याच्या हिशेबात नाममात्र उत्पन्न म्हणूनच धरायचं, त्या जागेची किंमतही तशीच लावायची. पुढेमागे भाडेकरू दुकान दुसऱ्याला देऊ लागला तर कलम ५६ मुळे पागडीची देवघेव कायदेशीर आहे, आणि मालकाची संमती लागते तिथे मालकाला वाटा मिळतो. तो कधी मिळेल हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून किमतीत धरला नाही.

मोबाइलच्या दुकानाचा करार नोंदणीकृत, ३६ महिन्यांचा, त्यातले २० महिने संपलेले. करारात मासिक शुल्क १५,००० रुपये. १८,००० कुठेच नव्हतं. दुकानदाराने सांगितलं की शटर आणि वरचा पत्रा बदलायला त्याने ४५,००० खर्च केले आणि मालकाच्या तोंडी कबुलीवर फेब्रुवारीपासून महिना ५,००० वळते करून तो १०,०००च देतो. बँकेच्या पासबुकात ते तसंच होतं. शिवाय करारात डिपॉझिट १ लाख, तर त्याचं म्हणणं २ लाख, अर्धे रोख. रोखीचा पुरावा म्हणून मालकाच्या अक्षरातली चिठ्ठी त्याने मोबाइलवर दाखवली. मालकाने आधी कानावर हात ठेवले, चिठ्ठी पाहिल्यावर मान्य केलं. डिपॉझिटची रक्कम विकणाऱ्याकडून ऐकून घेऊ नये. ती परत मागणारा माणूस दुसरा असतो आणि तो नव्या मालकाच्या दारात उभा राहतो.

वरच्या पुढच्या बिऱ्हाडात भाड्याने राहणारं कुटुंब. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स, मुदत चार महिन्यांपूर्वी संपलेली, पैसे मात्र चालू, डिपॉझिट ५०,०००. वाद काहीच नव्हता, आळस होता. पण मुदत संपल्यावर मालक ‘भाडं’ म्हणून पैसे घेत राहिला की पुढे कुटुंबाला तोंडी भाडेकरार झाल्याचं म्हणायला जागा मिळते. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत ठेवायची जबाबदारी मालकावर आहे. तसा नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोडायचं काम मालकाचं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोटरी केलेला कागद नोंदणीची जागा घेत नाही, हा गैरसमज अजून घरोघर आहे.

आता मागचं बिऱ्हाड, ज्यावर सगळा बेत उभा होता. १९९२ पासूनचे भाडेकरू, वृद्ध जोडपं. चौदा महिन्यांचे ४५० प्रमाणे ६,३०० थकले, हे आकड्याने खरं. पण आजोबांनी खाकी पाकिटातून मनीऑर्डरच्या परत आलेल्या पावत्या काढल्या. प्रत्येकीवर शेरा: घेण्यास नकार. मालकानेच भाडं घेणं थांबवलं होतं, थकबाकी ‘तयार’ व्हावी म्हणून. हा डाव जुना आहे आणि चालत नाही. कलम १५ भाडं भरणाऱ्याला जसं संरक्षण देतं तसंच भरायला तयार असणाऱ्यालाही देतं. खरीच थकबाकी असती तरी आधी मागणीची लेखी नोटीस, मग ९० दिवसांची वाट, मग दावा. आणि समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सगळी बाकी १५ टक्के साध्या व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह भरली की त्या कारणावर ताबा मिळत नाही. ‘एक नोटीस दिली की बाहेर’ हे वाक्य ऐकलं की तिथे थांबून कागद मागावेत.

दुसरा आधारही सुचवला गेला: घर बंद असतं. कलम १६ मध्ये तसं कारण आहे खरं. दाव्याच्या लगेच आधीचे सलग सहा महिने, योग्य कारणाशिवाय, जागा ज्यासाठी घेतली त्यासाठी वापरली नसेल तर ताबा मागता येतो. इथे आजी आजारी होत्या म्हणून दोघं चार महिने मुलाकडे होते. ना सहा महिने भरले, ना कारण चुकीचं. तिसरा मार्ग घेणाऱ्याच्या स्वतःच्या गरजेचा, तोही कलम १६ मधला. पण त्यात न्यायालय दोघांच्या अडचणींची तुलना करतं. एकीकडे पस्तिशीतलं नोकरदार जोडपं, दुसरीकडे तीन दशकं तिथे राहिलेले वृद्ध. पुण्यात हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात, मग अपील. घरी राहायला जाण्याची तारीख ठरवून कोणी या वाटेने जाऊ नये, आणि या दोघांना त्या वाटेवर ढकलणं आम्हाला योग्यही वाटत नाही.

इथे बेत बदलला. राहायला जागा हवी असेल तर क्षेत्रफळ किंवा खिडकीची दिशा पाहून नव्हे, ताब्याचा प्रकार पाहून निवडायची. भाडेकरूचा हक्क मिळकतीबरोबर चालतो: मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ प्रमाणे घेणारा जुन्या मालकाच्या जागी येतो, हक्कांसह, आणि भाडेकरूने तसं ठरवलं तर जबाबदाऱ्यांसहही. लायसन्सचं तसं नाही. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ चं कलम ५९ म्हणतं की परवाना देणाऱ्याने मिळकत हस्तांतरित केली की घेणारा त्या परवान्याने बांधला जात नाही. म्हणजे ताबा मिळण्याची खरी वाट मागच्या बिऱ्हाडातून नव्हती, पुढच्या बिऱ्हाडातून होती.

मग पुढचं बिऱ्हाड खरेदीनंतर नव्या मालकाने रिकामं का करून घेऊ नये? कारण एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट. राहत्या जागेचा लायसन्स संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट अर्ज करण्याची सोय भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे, न सोडल्यास दुप्पट शुल्काने भरपाईही आहे. पण त्या कलमातला ‘मालक’ हा शब्द समजावताना मूळ मालकाच्या मृत्यूने मालक झालेल्या वारसाचा उल्लेख आहे, खरेदीदाराचा नाही. घेणाऱ्याने त्या कलमावर धाव घेतली तर पहिली हरकत हीच येणार. जुन्या मालकाची स्थिती स्वच्छ आहे, करारावर सही त्याचीच आहे. म्हणून साठेखतातच अट आली: पुढचं बिऱ्हाड विकणाऱ्याने रिकामं करून घ्यायचं, ५०,००० त्यानेच परत करायचे, आणि रिकामा ताबा खरेदीखतावेळी द्यायचा. कुटुंबाला दोन महिने दिले, मुलांच्या परीक्षा त्यात आटोपल्या. या दोन महिन्यांच्या पावत्यांवर ‘भाडे’ नव्हे तर ‘मुदत संपल्यानंतरच्या वापराची भरपाई, हक्क राखून’ असं लिहिलं गेलं.

मोबाइलच्या दुकानाला हेच कलम ५९ उलटं लागतं. घेणारा बांधला नाही, तसाच दुकानदारही नव्या मालकाशी उरलेल्या १६ महिन्यांसाठी बांधलेला नाही. आणि कलम २४ ची झटपट सोय फक्त राहत्या जागेला आहे, दुकानाला नाही. त्यात आणखी एक: वर ‘लायसन्स’ लिहिलं म्हणून तो लायसन्स ठरतोच असं नाही. दुकानाचा स्वतंत्र ताबा, शटरची किल्ली त्याच्याकडे, मालकाला आत येण्याचा हक्क नाही, असं असेल तर न्यायालय आशय बघून तो भाडेपट्टा ठरवू शकतं. दोन्ही शक्यता झाकणारा उपाय एकच होता, त्रिपक्षीय पुरवणी करारनामा, नोंदणीसह. त्यात चार गोष्टी: शुल्क १५,०००, डिपॉझिट २ लाख (परतफेडीची जबाबदारी आता नव्या मालकाची), दुरुस्तीपैकी उरलेले २०,००० जुलैपासून चार महिने वळते, मुदत मूळ करारातलीच. दुकानदाराने लगेच सही केली, त्याचे रोखीचे १ लाख पहिल्यांदा कागदावर येत होते.

सगळ्यांत कमी चर्चा झालेली आणि सगळ्यांत धोक्याची जागा बोळातली खोली. तिथला माणूस विकणाऱ्याच्या नात्यातला, २००९ पासून राहतो, पैसे देत नाही. भाडं नाही म्हणजे हक्क नाही, असं लोकांना वाटतं. खोलीत वेगळा वीजमीटर होता, त्याच्याच नावाचा. रेशनकार्डावर तोच पत्ता. परवानगीने राहणारा कितीही वर्षं राहिला तरी केवळ तेवढ्याने मालक होत नाही, आणि राखणदारासारख्या माणसाला मिळकतीत हितसंबंध मिळत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलंय. पण ‘परवानगीने’ हे सिद्ध कोण करणार? ते फक्त जुना मालक सांगू शकतो, आणि विक्रीनंतर त्याला त्यात रस उरत नाही. उद्या या माणसाने ‘खोली मला तोंडी दिली होती’, ‘बारा वर्षं माझाच ताबा’ किंवा ‘मी पैसे दिले होते’ यातलं काहीही म्हटलं, तर दावा नव्या मालकाच्या अंगावर. भाडेपावती असलेल्या माणसाचा हक्क मोजता येतो, त्याची किंमत कमी करून व्यवहार होतो. पावती नसलेल्याचा हक्क मोजता येत नाही.

म्हणून खोलीबाबत तडजोड ठेवली नाही. खरेदीखताच्या १५ दिवस आधी ती रिकामी व्हायची, नाहीतर खरेदीखत पुढे ढकलायचं आणि विसार परत. रिकामी झाली तरी किमतीतले ४ लाख सहा महिने रोखून ठेवायचे, त्या काळात कोणी हक्क सांगितला तर विकणाऱ्याने निस्तरायचं. त्या माणसाने स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं की आपण मालकाच्या परवानगीने विनामोबदला राहत होतो, कोणताही करार किंवा हक्क नाही, ताबा स्वखुशीने सोडला. दोन साक्षीदारांच्या सह्या, त्यातला एक शेजारचा. त्याच दिवशी महावितरणकडे मीटर बंद करण्याचा अर्ज, रिकाम्या खोलीचे फोटो आणि नवं कुलूप.

साठेखतातल्या बाकी अटी थोडक्यात: ताबेदारांची यादी परिशिष्ट म्हणून, प्रत्येकापुढे नाव, वर्ष, रक्कम, डिपॉझिट, कागद; साठेखत ते खरेदीखत या काळात नवा करार, सूट, भाडेबदल किंवा नोटीस घेणाऱ्याच्या संमतीशिवाय नाही; यादीबाहेरचा कोणी निघाला तर विकणाऱ्याची भरपाई. शेवटची अट बिनकामाची वाटते, पण यादीशिवाय ती खरंच बिनकामाची असते.

प्रत्येक भाडेकरूचं पुष्टीपत्रही घेतलं, एका पानाचं: मी अमुक साली आलो, इतकं भाडं देतो, इथवर भरलंय, इतकं डिपॉझिट, मालकाकडून इतकं येणं, खरेदीचा कोणताही करार माझ्याकडे नाही, पोटभाडेकरू नाही. टेलरकाकांनी सही केली. मागच्या बिऱ्हाडातल्या आजोबांनी आधी मुलाला दाखवलं, मग केली. त्यांना सहीसाठी घाई करू नये. दबावाखाली घेतलेली सही पुढे त्यांच्याच बाजूने बोलते.

किंमत ८६ लाखांवर आली. वहीतलं ३०,६९० आता १५,६९० होतं, कारण पुढच्या बिऱ्हाडात मालक स्वतः राहणार आणि १८,००० चे १५,००० झाले. कर्जाच्या हप्त्याचा हिशेब याच आकड्यावर पुन्हा मांडला गेला.

खरेदीखत १८ जूनला. कराराने वेगळं ठरलं नसेल तर मालकी जाईपर्यंतचं भाडं विकणाऱ्याचं, नंतरचं घेणाऱ्याचं. जूनचे पहिले १७ दिवस त्याचे, उरलेले १३ याचे. मोबाइलच्या दुकानाचे १५,००० भागिले ३०, म्हणजे रोजचे ५००. १३ दिवसांचे ६,५००. दुकानदाराने १०,०००च दिले होते, पण वळते झालेले ५,००० हे विकणाऱ्याचं देणं फेडण्यात गेले, म्हणून वाटणी पूर्ण १५,००० वर. इथे बहुतेक जण १०,००० धरून चुकतात. टेलरचे रोजचे ८ प्रमाणे १०४. त्यात डिपॉझिट २,००,००० आणि उरलेली दुरुस्ती २०,०००. एकूण २,२६,६०४ रुपये अखेरच्या धनादेशातून वजा. मागच्या बिऱ्हाडाचं या वजावटीत काही नव्हतं, पण खरेदीखताआधी विकणाऱ्याने आजोबांकडून ६,३०० आणि जूनपर्यंतचं भाडं घेऊन रीतसर पावत्या दिल्या आणि जूनमधले घेणाऱ्याच्या वाट्याचे १९५ त्याला रोख देऊन पावती घेतली. हस्तांतरणापूर्वीची थकबाकी कलम १०९ प्रमाणे घेणाऱ्याला आपोआप मिळत नाहीच. मिळाली असती तरी त्या वादाचं ओझं घेऊन नव्या नात्याची सुरुवात करण्यात अर्थ नव्हता.

दुय्यम निबंधक कार्यालयातून बाहेर पडल्यावर त्याच दुपारी पत्रं गेली. विकणारा आणि घेणारा दोघांच्या सहीचं एकच पत्र: मिळकत अमुक तारखेला विकली, १ जुलैपासून भाडं यांना या खात्यात, डिपॉझिट यांच्याकडे वर्ग, तुमच्या अटी बदललेल्या नाहीत. हातोहात देऊन स्थळप्रतीवर सही, शिवाय पोचपावतीसह टपालाने. हे पत्र राहिलं आणि भाडेकरूने विक्रीची कल्पना नसताना जुन्या मालकाला भाडं दिलं, तर नवा मालक ते पुन्हा मागू शकत नाही. जुनी पावतीपुस्तकं, सगळे करार आणि मनीऑर्डरच्या नकाराची पाकिटंसुद्धा ताब्यात घेतली.

जिन्यातला दिवा आणि पाण्याची मोटर सामाईक मीटरवर होती. तो मीटर नव्या मालकाच्या नावावर होईपर्यंत बिल थकलं असतं तर वीज भाडेकरूंची तुटली असती. आवश्यक सेवा तोडणं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली मालकाच्या अंगाशी येतं, म्हणून ते बिल खरेदीच्याच दिवशी भरलं.

जुलैच्या पाच तारखेला आजोबा ४६८ रुपये घेऊन नव्या मालकाच्या दारात आले. ४ टक्क्यांची वाढ त्यांनी स्वतःच धरली होती. पावती त्यांच्या नावाने, महिना आणि रक्कम अक्षरी लिहून, जागेवर फाडून दिली.